इंजिन टेम्परेचर सेन्सर खराब आहे का? बदलण्याआधी तपासायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचा चेक लाइट लागला, ॲव्हरेज पडलं किंवा रेडिएटरचा फॅन बंदच होईना, की बऱ्याच ठिकाणी पहिलं उत्तर मिळतं, "टेम्परेचर सेन्सर बदलून टाकू." कधी ते बरोबर निघतं. पण पुष्कळदा सेन्सर चांगलाच असतो. दोष कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये), थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेत) किंवा कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) पातळीत असतो. म्हणून ही प्रश्नोत्तरं तपासणीवर भर देऊन लिहिली आहेत. यातली बहुतेक तपासणी साध्या मल्टिमीटरवर होते.

हा सेन्सर नेमकं काय करतो?

कूलंट किती तापलंय ते ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला कळवतो. पितळी किंवा प्लास्टिकच्या बॉडीच्या टोकाशी एक थर्मिस्टर बसवलेला असतो. तो गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंड झाला की वाढतो. ईसीएम आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून त्याला ५ व्होल्ट देतो आणि वायरवर किती व्होल्ट उरले ते बघून तापमान ठरवतो. थंड इंजिनला व्होल्टेज जास्त, गरम इंजिनला कमी, एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी तपासणी यावरच चालते.

या एका आकड्यावर ईसीएम बरंच काही ठरवतो: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, इग्निशन टायमिंग, आयडलिंग, फॅन कधी चालू करायचा, इंजिन फार तापलं तर एसीचा कॉम्प्रेसर कधी तोडायचा. सेन्सर छोटा असला तरी त्याच्या चुकीच्या आकड्याने पूर्ण गाडी बिघडल्यासारखी वागते ती यामुळे.

तो असतो कुठे?

बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट हाउसिंगवर किंवा सिलिंडर हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) कूलंट जिथे बाहेर पडतं तिथे. वरचा जाड होज पाइप रेडिएटरकडून इंजिनकडे धरत या. तो जिथे इंजिनला जोडलाय त्याच्या आसपास दोन वायरींचा छोटा कपलर दिसेल. काही गाड्यांत दुसरा सेन्सर रेडिएटरच्या खालच्या बाजूलाही असतो.

डॅशबोर्डवरचा काटाही याच सेन्सरवर चालतो का?

आजच्या गाड्यांत बहुधा हो. सेन्सर ईसीएमला सांगतो आणि ईसीएम मीटरला. जुन्या गाड्यांत मात्र काट्यासाठी एका वायरचा वेगळा सेन्सर असायचा आणि त्याचं अर्थिंग थेट इंजिनच्या बॉडीतून, चुड्यांमधून (स्क्रूच्या आट्यांमधून) व्हायचं. तुमच्या गाडीत दोन सेन्सर असतील, तर काटा बंद पडला म्हणून ईसीएमचा सेन्सर बदलून काहीच फरक पडणार नाही. आधी कोणता कशासाठी आहे ते बघून घ्या.

काटा तर मधोमध आहे. मग सगळं ठीकच ना?

तेवढ्यावर विसंबू नका. अनेक कंपन्या काटा मुद्दाम स्थिर ठेवतात, म्हणजे साधारण ७५-८० अंशांपासून १०० च्या पुढेपर्यंत तो मध्यावरून हलतच नाही. थोड्याशा चढउताराने गाडीवाला घाबरू नये म्हणून ही सोय केली आहे. त्यामुळे काटा हलायला लागतो तोवर प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त दिवे आहेत: थंड असताना निळा, जास्त तापल्यावर लाल. खरा आकडा हवा असेल तर स्कॅनरशिवाय, म्हणजे ईसीएममधले आकडे आणि दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राशिवाय पर्याय नाही.

सेन्सर खराब झाल्याची लक्षणं कोणती?

सेन्सर कोणत्या बाजूला चुकतोय त्यावर ती अवलंबून असतात. हे समजून घेतलंत तर अर्धं निदान बोनेट न उघडता होतं.

समजा इंजिन गरम आहे, पण सेन्सर "थंड" सांगतोय. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीएम जादा पेट्रोल सोडतो. इथे इंजिन तापलेलं असूनही ते जादा पेट्रोल येतच राहतं. ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, काळसर धूर दिसतो, प्लग काजळी धरतात, आयडलिंग चढं राहतं. दहा मिनिटं थांबून पुन्हा स्टार्टर मारला तर गाडी लवकर घेत नाही. असंच महिनोन्महिने चालवलं तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, ज्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. शिवाय ईसीएमला इंजिन थंडच वाटत असल्याने तो फॅन लावत नाही. हायवेला वाऱ्यावर निभावतं, सिग्नलच्या रांगेत गाडी खरोखर तापते.

आता उलटं. इंजिन थंड आहे, पण सेन्सर "गरम" सांगतोय. मग सकाळी पहिल्या स्टार्टला गरजेइतकं पेट्रोलच मिळत नाही. स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, चालू झाली तरी गाडी थरथरते, बंद पडते. एकदा तापली की मात्र दिवसभर उत्तम. महाबळेश्वरला किंवा नाशिकच्या डिसेंबरात हा दोष जास्त जाणवतो. मुंबईच्या उकाड्यात तो लपून राहू शकतो.

चावी दिल्याबरोबर रेडिएटरचा फॅन चालू होतो. सेन्सर गेला का?

शक्यता चांगली आहे. सेन्सरचं सर्किट तुटलं की ईसीएमला तापमान कळेनासं होतं, आणि इंजिन वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्यांत तो फॅन कायम चालू ठेवतो. ही गाडीने घेतलेली काळजी आहे. वायर कापून फॅन बंद करू नका.

पण आधी एसी बंद आहे ना ते बघा, कारण एसी लावला की फॅन फिरणं नॉर्मल आहे. एसी बंद, स्कॅनरवर कोड नाही, तापमानही बरोबर दिसतंय आणि तरी फॅन थांबत नाही, तर फॅनचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला असू शकतो. रिले काढून बघायला एक मिनिट लागतं.

स्कॅनरवर कोड आला. आता तरी सेन्सर बदलू ना?

अजून नाही. कोड सर्किटमध्ये काय दिसलं ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही.

पी ०११८ म्हणजे व्होल्टेज फार जास्त. वायर तुटलेली, कपलर निघालेला किंवा सेन्सर आतून ओपन (तुटलेला). स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपास दिसतं. पी ०११७ म्हणजे व्होल्टेज फार कमी. कुठेतरी शॉर्ट आहे, आणि स्कॅनरवर १२०-१४० किंवा त्याहून जास्त अंश दिसतात. पी ०११९ म्हणजे सिग्नल अधूनमधून तुटतोय; इथे वायरिंगवर संशय आधी घ्यावा. पी ०११६ म्हणजे सिग्नल येतोय पण ईसीएमला पटत नाही. पी ०११५ सर्किटचा सर्वसाधारण कोड. आणि पी ०१२८ (इंजिन ठरलेल्या तापमानापर्यंत तापत नाही) आला तर सेन्सरआधी थर्मोस्टॅट बघा.

साधा ब्लूटूथ डोंगल चालेल का?

तापमान बघायला पुरेसा आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या पोर्टमध्ये लावायचा, मोबाइलवरच्या ॲपमध्ये कूलंट टेम्परेचर आणि इनटेक एअर टेम्परेचर हे दोन आकडे शोधायचे.

पहिली तपासणी सकाळी करा. गाडी रात्रभर सावलीत उभी असू द्या. स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करा. रात्रभरात कूलंट आणि हवा एकाच तापमानाला आलेले असतात, त्यामुळे दोन्ही आकडे चार-पाच अंशांच्या आत जुळायला हवेत. बाहेर २५ अंश असताना हवा २६ आणि कूलंट ४८ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग चुकतेय हे नक्की.

मग गाडी चालू करा आणि आकडा कसा चढतो ते बघत राहा. तो सलग चढला पाहिजे. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० च्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, आकडा क्षणभर रेंगाळतो किंवा किंचित उतरतो, पुढे ९५-१०० च्या आसपास फॅन लागतो आणि तापमान काही अंश खाली येतं. मध्येच ७० वरून ३५ वर उडी आणि पुन्हा ७२? इंजिन असं सेकंदात थंड होत नाही. ती उडी सेन्सरची किंवा लूज कपलरची.

मल्टिमीटरने सेन्सर कसा तपासायचा?

इंजिन थंड, चावी बंद. कपलरची लॉक-पट्टी दाबून तो काढा. वायर धरून ओढू नका. मीटर ओहमवर, २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा आणि सेन्सरच्या दोन पिनांना लावा.

अनेक गाड्यांतल्या सेन्सरचे आकडे साधारण असे असतात: ० अंशाला ५ ते ६ किलोओहम, २० अंशाला अडीच किलोओहमच्या आसपास, ४० ला सुमारे १२००, ६० ला ६००, ८० ला ३०० ते ३५०, आणि १०० ला २०० ओहमच्या खाली. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते प्रमाण माना.

एकाच तापमानाला मोजून थांबू नका. खरी परीक्षा पाण्यात होते. सेन्सर काढून एका जुन्या भांड्यात पाणी घ्या. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही, कारण कूलंट विषारी असतं. सेन्सर वायरने असा लटकवा की टोक पाण्यात राहील, पिना कोरड्या राहतील आणि तो बुडाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर सोडा. मंद आचेवर पाणी तापवत दर दहा अंशांना ओहम लिहून घ्या. आकडा न अडखळता उतरत गेला पाहिजे. नंतर गॅस बंद करून थंड होतानाही तेच करा. काही सेन्सर तापताना नीट वागतात आणि थंड होताना एका ठिकाणी अडकतात.

सेन्सर चांगला निघाला. वायरिंग आणि ईसीएम कसे तपासू?

ही तपासणी मला सगळ्यांत जास्त आवडते. दोन मिनिटांत सेन्सर आणि वायरिंग यांतला गुन्हेगार वेगळा होतो.

चावी बंद करून कपलर काढा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास यायला हवं. आता चावी बंद करून वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने हलक्या हाताने जोडा आणि पुन्हा चावी ऑन करा. स्कॅनर १२० अंशांच्या वर, शेवटच्या आकड्याला जायला हवा. दोन्ही वेळा असं झालं, तर वायर जोडलेल्या आहेत आणि ईसीएम नीट वाचतोय. उणे ४० वरून आकडा हललाच नाही तर वायर तुटलेली आहे किंवा सेन्सरचं अर्थिंग मिळत नाही. कपलर काढूनही १४० दिसत असेल तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे.

हे फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर करा. तीन-चार वायरींचा असेल तर सर्किट डायग्राम बघितल्याशिवाय पिना जोडू नका. काही गाड्यांचा ईसीएम दोष ओळखताच खऱ्या आकड्याऐवजी स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतो. तिथे स्कॅनरऐवजी कपलरवर व्होल्ट मोजा. उघड्या कपलरमध्ये दोन पिनांत ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. आणि चावी ऑन असताना हात फॅनपासून लांब ठेवा, तो कधीही फिरू शकतो.

सकाळची तपासणी पास होते, पण गरम झाल्यावर आकडा चुकतो. असं कसं?

कपलर उघडून पिना बघा. कोकणातल्या आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत पिनांवर हिरवट-पांढरा थर बसलेला हमखास सापडतो. तो थर वाटेत जादा रेझिस्टन्स टाकतो. समजा त्याने ३०० ओहम वाढवले. सकाळी सेन्सर स्वतःच अडीच हजारावर आहे, त्यात ३०० मिळवले तर दोन-तीन अंशांचाच फरक पडतो, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ८० अंशाला सेन्सर फक्त ३०० ओहमवर असतो. त्यात आणखी ३०० आले की ईसीएमला ते ६० अंश वाटतात. वीस अंशांची चूक, आणि सेन्सर पूर्ण निर्दोष! नवा सेन्सर बसवताना कपलर काढघाल करून पिना थोड्या घासल्या जातात, त्यामुळे काही दिवस गाडी बरी चालते आणि सगळ्यांना वाटतं की सेन्सरच गेला होता. महिन्याभरात दुखणं परत येतं.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बारीक ब्रशने साफ करा, पिना सैल असतील तर घट्ट करा, कपलरची रबरी सील फाटली असेल तर बदला. पावसाळ्यात उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा वायरिंग हातभर मागेपर्यंत बोटांनी चाचपून बघा.

दोष थर्मोस्टॅटचा की सेन्सरचा, कसं ओळखायचं?

थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर सेन्सर खरंच बोलत असतो, इंजिनच गार राहतं. ओळख सोपी आहे: हायवेला आकडा ६०-७० वर उतरतो, ट्रॅफिकमध्ये पुन्हा चढतो. इंजिन थंड असताना गाडी चालू करून वरच्या होज पाइपला हात लावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर तो बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. "आपल्याकडे गरमी जास्त, थर्मोस्टॅट लागत नाही" असं म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत अजून चालू आहे. कृपया करू देऊ नका. विदर्भातल्या उन्हाळ्यातही इंजिनला त्याचं ठरलेलं तापमान लागतंच. थर्मोस्टॅटशिवाय ते लवकर तापत नाही, ईसीएम जादा पेट्रोल देत राहतो, पी ०१२८ येतो आणि मग चांगला सेन्सर बदलला जातो. जुनी गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे आवर्जून बघा.

कूलंट कमी असेल तर सेन्सर चुकीचं दाखवतो का?

हो, आणि सगळ्यांत धोकादायक परिस्थिती हीच. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असायला हवं. पातळी खाली गेली किंवा तिथे हवेचा बुडबुडा अडकला, की टोक वाफेत किंवा हवेत राहतं आणि खरं तापमान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. इकडे हेड तापत असतं, तिकडे काटा नॉर्मल किंवा चक्क खाली. घाट चढून आलेल्या, होज फुटून कूलंट सांडलेल्या गाड्यांची हेड गॅस्केट (हेडखालची सील) अशीच उडते आणि मालक मनापासून सांगत असतो की काटा वर गेलाच नव्हता. म्हणून कोणतीही तपासणी करण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरमधली आणि बाटलीतली पातळी बघा. गरम असताना झाकण कधीच उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्याही वर असू शकतं.

कूलंटऐवजी साधं पाणी भरलं तर?

बोअरचं क्षारयुक्त पाणी सेन्सरच्या टोकावर पांढरा थर चढवतं. मग तापमान कळायला उशीर लागतो, फॅन उशिरा लागतो. थर दिसला तर फक्त सेन्सर पुसून भागणार नाही. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांतही आहे.

गाडी सीएनजीवर जायला फार वेळ लावते. याचा संबंध आहे का?

असू शकतो. गॅसचा दाब उतरवणारा रेड्यूसर ते करताना थंड पडतो, त्याला कूलंटची ऊब लागते. म्हणून सिक्वेन्शियल किट इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत पेट्रोलवरच चालवतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये बहुधा रेड्यूसरवर स्वतःचा वेगळा सेन्सर असतो, तेव्हा आधी तो तपासा. कंपनीच्या किटमध्ये इंजिनच्या आणि रेड्यूसरच्या तापमानाचे दोन्ही आकडे स्कॅनरवर बघा. कूलंट कमी असेल तर रेड्यूसरपर्यंत ऊब पोहोचत नाही आणि लक्षण अगदी हेच दिसतं.

डिझेल गाडीत काय फरक पडतो?

ग्लो प्लग किती वेळ तापवायचे, थंड स्टार्टला किती डिझेल द्यायचं, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कधी उघडायचा, हे याच आकड्यावर ठरतं. सकाळी पांढरा धूर आणि उशिरा स्टार्ट ही मुख्य खूण. बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक: इंजिन पुरेसं गरम झालंय असं ईसीएमला दिसलं नाही तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई सुरूच होत नाही. डीपीएफ वारंवार चोक होत असेल तर कूलंटचं तापमान नक्की बघा.

बाइकलाही असतो का?

लिक्विड-कूल्ड बाइकला असतोच. एअर-कूल्ड बीएस-६ बाइक आणि स्कूटरवर ऑइलचं किंवा सिलिंडर हेडचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तपासणीची रीत तीच, ओहमचे आकडे मात्र वेगळे.

सेन्सर खराब असताना गाडी चालवू शकतो का?

कूलंट पुरेसं आहे आणि फॅन कायम चालू आहे, तर गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. फॅन लागत नसेल तर ट्रॅफिक आणि घाट टाळा. लाल दिवा लागला तर "सेन्सरचाच प्रॉब्लेम आहे" असं गृहीत धरून पुढे जाऊ नका. एसी बंद करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

बदलताना काय काळजी घ्यावी?

इंजिन थंड हवं. नवा सेन्सर हातात तयार ठेवून जुना काढला तर कूलंट थोडंच सांडतं. सांडलेलं लगेच धुवा. त्याची चव गोड असते आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. ओ-रिंग किंवा वॉशर नवा घाला. प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये जोर लावू नका, चुड्या गेल्या तर पूर्ण हाउसिंग बदलावं लागतं. एका वायरच्या जुन्या सेन्सरवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अर्थिंग तुटू शकतं. नवा सेन्सर बसवण्याआधी खोलीच्या तापमानाला त्याचे ओहम मोजून घ्या. डुप्लिकेट पार्ट पुष्कळ मिळतात आणि सारखा दिसणारा सेन्सर दुसऱ्याच गाडीच्या हिशोबाचा असू शकतो.

बसवल्यावर पातळी भरा आणि अडकलेली हवा काढा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी आयडलवर ठेवा, कोड क्लिअर करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा.

गॅरेजला नेल्यावर मेकॅनिकला काय सांगू?

त्रास कधी होतो ते नेमकं सांगा: सकाळी पहिल्या स्टार्टला, की गरम झाल्यावर, उभ्या गाडीला, की हायवेला. सकाळच्या चावी-ऑन आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या. सेन्सर बदलायचं ठरलं तर दोन गोष्टी मागून घ्या: कपलर काढल्यावर आणि पिना जोडल्यावर स्कॅनर काय दाखवतो ते समोर बघायचं, आणि काढलेला जुना सेन्सर घरी न्यायचा. बहुतेक छोट्या गाड्यांचा सेन्सर काही शे रुपयांत येतो, त्यामुळे कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. पण दोष कपलरमध्ये असेल तर तेच काही शे रुपये पुन्हा पुन्हा जातात, आणि दोष कूलंटच्या गळतीत असेल तर पुढचं बिल हेडचं येतं.